सोबतीचा क्लास आणि कुरकुरणारी काकू

आमच्या घरातलं कोणी समुद्रावर जात नाही, तरी केर काढताना वाळू निघतेच. कोणाच्या तरी चपलेतून येते. किस्स्यांचंही तसंच असतं. मी काही ते गोळा करायला निघाले नव्हते. सोबतीच्या क्लासला जाऊन बसायला लागले, आणि घरी येऊन पदर झटकला की रोज एक पडायला लागला.

सोबतीचा क्लास म्हणजे म्हाताऱ्या माणसांना पगारी सोबत करणाऱ्यांचं ट्रेनिंग. मुलं मुंबईला, पुण्याला, नाहीतर विमानाने जावं लागेल अशा ठिकाणी. रत्नागिरीत मागे राहतात आईवडील आणि हापूसची कलमं. कलमांना राखणदार कधीपासूनच मिळतो. आईवडिलांनाही मिळायला हवा, हे पुण्यातल्या एका संस्थेला सुचलं आणि तिने मारुती मंदिराजवळ एक हॉल भाड्याने घेतला. शिकवायला आमच्या खालच्या मजल्यावरच्या विद्या सिस्टर. नोकरी संपली तरी आवाज अजून ड्युटीवर असलेली बाई.

सरावासाठी पुण्याहून एक रबरी आजी आली होती. सिस्टरना ती आठवड्यात नकोशी झाली. कुशीवर वळवली की वळते, भरवलं की खाते, कशालाच नाही म्हणत नाही. असली म्हातारी अख्ख्या जिल्ह्यात शोधून सापडायची नाही, मग तिच्यावर शिकून उपयोग काय? एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काकू, मला कुरकुर करणारं माणूस पाहिजे. तुमच्याशिवाय कोणी डोळ्यासमोर आलंच नाही."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात गेली. रिटायर झाल्यापासून माझा स्वतःचा कोटा वापरतेय. नवरा गेला, मुलगा बंगळूरला, दुपार मोकळी. एवढ्या मानाने बोलावल्यावर जाणं भाग होतं.

*

पहिला धडा होता ओळख करून घेण्याचा. पुण्याच्या सरांनी वाक्य ठरवून पाठवलं होतं : "नमस्कार आजी, आज आपल्याला कसं वाटतंय?" मी खुर्चीत बसायचं, एकेकाने दार वाजवून आत यायचं आणि हे विचारायचं. पहिल्या मुलीला मी छान वाटतंय म्हणून सांगितलं. सगळी रांग संपेपर्यंत मला खरोखरच बरं वाटेनासं झालं होतं.

त्यात दीपाली नावाची एक मुलगी होती. बारावी झालेली, गोड, पाठांतर पक्कं. तिने कुठेतरी ऐकलं होतं की म्हातारी माणसं लहान मुलांसारखी असतात. ती चमच्यात पाणी घेऊन माझ्यापुढे वाकली आणि लाडात म्हणाली, "आऽऽ करा बघू." मी तिला विचारलं, बाळ, यानंतर मला झोळीत घालणार आहेस का? बिचारीने वळून सिस्टरना विचारलं, झोळीचा धडा कधी आहे.

तिच्यामागून संतोष आला. तो बरीच वर्षं मुंबईत एका मोठ्या इमारतीवर सिक्युरिटी गार्ड होता. आई आजारी पडली म्हणून गावी परतला होता. उंच, सरळ, चेहऱ्याचं बटण कायम बंद असलेला माणूस. बोलणं इतकं कमी की एक्स्चेंजमध्ये असता तर लाईन बंद आहे समजून मी तक्रार नोंदवली असती. त्याने दार वाजवलं, आत आला, ताठ उभा राहिला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "कोणाकडे जायचंय?"

माझ्या वयात हा प्रश्न इतका सरळ आजवर कोणी विचारला नव्हता.

*

मग व्हीलचेअर आली. हॉलच्या गुळगुळीत लादीवर ती इतकी झकास चालायची की मला वाटलं, उगाच पायांनी हिंडत बसले इतकी वर्षं. पण आपल्याकडची घरं लादीवर थोडीच असतात? रस्ता वर, घर खाली, मध्ये जांभ्याच्या पायऱ्या, त्यातली एक तरी हलणारी. म्हणून सिस्टर म्हणाल्या, आज बाहेर उतारावर सराव करू.

खुर्ची धरायला दीपाली. फाटकाशी पोचलो आणि तिचा मोबाईल वाजला. मोबाईल खिशातून काढायला एक हात लागतो आणि बोलायला दुसरा, असं का ते मला आजही कळलेलं नाही. ब्रेक लावायचा असतो हे तिला पाठ होतं. लावला मात्र नव्हता.

मी निघाले. आधी हळू, मग बेताने, मग वेगात. मागून दीपालीची किंकाळी आणि सिस्टरची ड्युटीची हाक दोन्ही ऐकू येत होत्या, पण मला थांबणं जमण्यासारखं नव्हतं. खालच्या वळणावर मासळीवाली बसते. खुर्ची तिच्या टोपलीशेजारच्या वाळूच्या ढिगात रुतून थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, बांगडे ताजे आहेत का.

सगळा क्लास धापा टाकत खाली पोचला तेव्हा मी मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. दीपाली रडत होती. सिस्टरनी तिला काही बोलण्याआधी मीच म्हटलं, "तिला रागावू नका. एवढ्या लवकर मासळी आणून देणारं माणूस मला आजवर मिळालं नव्हतं."

*

दीपाली पास झाली आणि तिला संगमेश्वरकडे एका गावात काम मिळालं. घरात आजी एकटी. तिघे मुलगे मुंबईला, गणपतीत आणि शिमग्याला येणारे. जाण्याआधी सिस्टरनी बजावलं होतं की घरातली गोष्ट घराबाहेर बोलायची नाही, याला गोपनीयता म्हणतात. दीपालीचं पाठांतर पक्कं, हे मी आधी सांगितलंच आहे.

दुसऱ्याच दिवशी शेजारणीने कुंपणावरून विचारलं, आजी कशी आहे? दीपाली म्हणाली, ते मला सांगता येणार नाही.

शेजारीण जरा चपापली. तिने विचारलं, म्हणजे काय, बरं नाही का? दीपाली म्हणाली, ते गोपनीय आहे.

एवढं पुरलं. दुपारपर्यंत वाडीत बातमी होती की म्हातारी अंथरुणाला खिळली, संध्याकाळपर्यंत ती बोलेनाशी झाली, आणि कोणीतरी मुंबईला फोन लावून सांगितलं की भेटायचं असेल तर या. सकाळी तिघे मुलगे, सुना आणि एक मामेभाऊ गाडी करून दारात. सुना गाडीतूनच रडत उतरल्या. आजी अंगणात बसून भाकरी खात होती. तिला वाटलं, कोणीतरी मुंबईत गेलं.

खुलासा व्हायला वेळ लागला. थोरला दीपालीवर भडकला. पण आलेच होते, रजा टाकलेलीच होती, म्हणून सगळे दोन दिवस राहिले. घर भरलं. आजीने कोंबडा कापायला लावला. गाडी परत गेल्यावर दीपाली घाबरत आजीपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, चुकलं माझं, उद्यापासून येऊ नको का.

आजी म्हणाली, "बाय गो, दर म्हयन्याला येकदा असाच सांगत जा."

*

संतोषला मालगुंडला पाठवलं. तिथे आबा म्हणून एक बागायतदार. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. संतोषच्या आधी आलेल्या दोघांना त्यांनी पळवून लावलं होतं. एकाने त्यांना योगासनं करायला सांगितली, दुसऱ्याने बायकोचा फोटो दुसऱ्या भिंतीवर हलवला. मुलगा दुबईला. आईच्या जाण्यानंतर त्याने घरात जागोजागी कॅमेरे बसवले होते, म्हणजे वडिलांवर लक्ष राहावं. स्वतः येण्यापेक्षा कॅमेरा बरा. त्याला रजा टाकावी लागत नाही.

महिन्याभरात त्या मुलाचा सिस्टरना फोन. तक्रार अशी की सोबतीला ठेवलेला माणूस बोलतच नाही. त्याने रोज बघितलंय. बाबा पडवीतल्या खुर्चीत बसतात, हा शेजारी स्टुलावर बसतो आणि दोघे समोरच्या माडाकडे बघत राहतात. असं बघायला त्याने माणूस कशाला ठेवायचा? माड तर आधीपासूनच होता.

सिस्टर म्हणाल्या, जाऊन बघते. मला बरोबर घेतलं, कारण कुरकुर करणाऱ्या माणसाला कुरकुर करणारा माणूस कळतो, असं त्यांचं शास्त्र. आम्ही गेलो तेव्हा दोघे खरोखरच पडवीत माडाकडे बघत होते. संतोष उठून ताठ उभा राहिला. सिस्टरनी मुलाची तक्रार आबांना जशीच्या तशी सांगितली आणि तुमचं काय म्हणणं, असं विचारलं.

आबांनी वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "तो इथे आहे ना, म्हणून इथे नाही बोलत. आम्ही विहिरीपाशी बोलतो."

संतोष बोलतो, हीच मला बातमी होती. मी न राहवून विचारलं, काय बोलता?

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ते सांगायचं असतं तर इथेच नसतो का बोललो?"

परत येताना मी सिस्टरना म्हटलं, मुलाला काय कळवणार? त्या म्हणाल्या, कळवते की विहिरीपाशी कॅमेरा लावू नका. म्हटलं, असं कळवलंत तर उद्याच लावील. मग त्यांनी काय कळवलं मला माहीत नाही, पण संतोष अजून तिथेच आहे आणि माडही.

*

दुसऱ्या बॅचला मिरजोळ्याहून सुवर्णा आली. तिथल्या एका कारखान्यात आंब्याचा रस डब्यात भरायचं काम करायची, ते सीझनपुरतं. अंगाने थोराड, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मी पाणी गार आहे म्हणून कुरकुरले तर म्हणाली, "गार हाय तर जरा तोंडात धरा, व्हईल गरम." माझ्या इतक्या वर्षांच्या वक्तृत्वात मला प्रथमच तोडीस तोड मिळालं. आमची रोज जुंपायची. मी तिच्या वेणीला नाव ठेवायची, ती माझ्या डब्यातल्या आमटीला.

त्या बॅचला पुण्याचे सर स्वतः आले. विषय होता म्हातारपण अनुभवणे. त्यांनी सगळ्यांच्या कानांत कापूस घातला, तेल फासलेले चष्मे लावायला दिले आणि चपलांत वाटाणे टाकून चालायला सांगितलं. मला म्हणाले, काकू, तुम्ही पण घ्या. मी सांगितलं, माझं म्हातारपण मी घरूनच आणलंय. कापूस मात्र घेतला. भाषण अजून बाकी होतं.

बाकीच्या मुली हसत, एकमेकींवर आपटत चालत होत्या. सुवर्णा हॉलच्या मधोमध थांबली. भिंत धरली. सर म्हणाले, चला, चला. ती हलेना. मग चष्मा काढून म्हणाली की आमची सासू अशीच चालते, मला वाटायचं नाटक करते. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. सुवर्णाने वाजवल्या नाहीत. बरं वाटत नाही सांगून लवकर घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय झालं गो? तिने सांगितलं की घरी जाऊन हातपाय धुतले, आलं घालून चहा केला, सासूच्या हातात कप दिला आणि तिचे पाय चेपायला बसले.

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हनाली, काय पायजे तुला?"

*

आता माझ्या मुलाचा किस्सा. नितीन बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये आहे. मला शुगर आहे, मी एकटी राहते, म्हणून त्याने सोबतीला बाई ठेवण्याचा हट्ट धरला होता. मी साफ नाही म्हणून सांगितलं होतं. मी क्लासला जाते हे त्याला ठाऊक होतं, पण त्याच्या समजुतीत तो भजनाचा क्लास होता. ती समजूत दुरुस्त करायची मला काही घाई नव्हती.

एका दुपारी क्लास चालू असताना सिस्टरचा फोन वाजला. हात ग्लोव्हजमध्ये, म्हणून त्यांनी स्पीकरवर घेतला. पलीकडून माझा मुलगा. त्याने इंटरनेटवरून नंबर शोधला होता. रत्नागिरीत आई एकटी असते, तिच्यासाठी कोणी मिळेल का, असं विचारत होता.

सिस्टरनी विचारलं, आईंचा स्वभाव कसा आहे? मला त्यांना खूण करायची होती, पण त्या वेळी मी सरावापुरती लकवा झालेली पेशंट होते आणि माझे दोन्ही हात सुवर्णाच्या ताब्यात होते.

नितीन सांगत गेला. हट्टी आहे. कोणाचं ऐकत नाही. गोळ्या वेळेवर घेते म्हणते, पण जेवणाचा पत्ता नसतो. प्रत्येक गोष्टीला नाव ठेवते. घरी ठेवलेली कोणतीही बाई आठवड्याच्या वर टिकणार नाही. सगळा क्लास माझ्याकडे बघत होता. मग तो म्हणाला, "पण सिस्टर, फोन उचलायला तिला उशीर झाला ना, की मी मीटिंग सोडून बाहेर येऊन उभा राहतो."

सिस्टरनी पत्ता विचारला, तो त्याने सांगितला, त्यांनी मान हलवत ऐकून घेतला, जणू त्या इमारतीचं नाव प्रथमच ऐकतायत.

"काळजी करू नका," त्या म्हणाल्या, "अशा एका केसवरच आमचं सगळं ट्रेनिंग चाललंय."

त्या संध्याकाळी नितीनचा फोन आला तो मी पहिल्या रिंगला उचलला. त्याने विचारलं, भजन कसं झालं? मी म्हटलं, आज चांगलंच रंगलं. सोबतीच्या बाईचा विषय मात्र मी पुन्हा तिथेच कापला.

*

दुसऱ्या बॅचच्या परीक्षेला कोल्हापूरहून परीक्षक आले. सकाळी येणार होते. घाटात गाडी अडकली म्हणून दुपार झाली. आल्यावर त्यांनी वृद्धसेवेवर भाषण केलं, कारण ते तयार करून आणलं होतं. मी सकाळी शुगरची गोळी घेतली होती आणि परीक्षा आटोपली की जेवू म्हणून तशीच बसले होते. सगळ्यांना जेवण वेळेवर हवं असं शिकवणाऱ्या हॉलमध्ये हे चाललं होतं.

परीक्षा साधी होती. मी कॉटवर पडायचं आणि एकेकीने येऊन मला नीट उठवून खुर्चीत बसवायचं. पहिल्या दोघी-तिघींपर्यंत मी रोजच्यासारखी होते. मग मला घाम यायला लागला. हात थरथरायला लागले. हॉलमधले आवाज लांबून, ट्रंक कॉलवर यावेत तसे यायला लागले. मला काहीतरी सांगायचं होतं, पण काय ते सापडेना. परीक्षक म्हणाले, "वा, या काकूंचा अभिनय फारच नैसर्गिक आहे." सिस्टर बाहेर परीक्षकांच्याच जेवणाचं बघायला गेल्या होत्या.

सुवर्णाची पाळी आली. तिने माझ्या पाठीखाली हात घातला आणि थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, खरं सांगू? तुमच्या आमटीला चव नसते."

मी म्हटलं, "हो."

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सुवर्णा मोठ्याने सिस्टरना हाक मारत होती. परीक्षक तिला सांगत होते की बाई, आधी खुर्चीचा ब्रेक तपासायचा असतो, तुमचे मार्क जातायत. तिने त्यांच्यापुढचा रिकामा कप आणि साखरेचा डबा उचलला, कपभर पाण्यात साखर ढवळली, मला टेकवून बसवलं आणि घोट घोट पाजायला लागली. मध्येच रागावत होती की गिळा, गिळा म्हणते ना. तेवढ्यात सिस्टर धावत आल्या, बोट टोचून मशीनवर शुगर बघितली आणि माझ्याजवळ जमिनीवरच बसल्या. माझं मनगट त्यांनी धरलं ते सोडलंच नाही. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

हळूहळू हॉल जागेवर आला. पंखा दिसला. परीक्षकांचा चेहरा दिसला, पांढरा पडलेला. त्यांनी कपाळ पुसलं आणि सुवर्णाला विचारलं की तुम्ही ओळखलंत कसं, घाम बघून की हाताचा कंप बघून, कारण ते तर अभिनयातही होतं.

सुवर्णा म्हणाली, "मी बोलले, तुमच्या आमटीला चव नसते. त्या हो म्हनाल्या."

परीक्षकांना काही कळलं नाही. ते सिस्टरकडे बघायला लागले. मी कॉटची कड धरून जरा सावरून बसले, तोंडातली साखर गिळली आणि सुवर्णाकडे वळले.

"कोणाच्या आमटीला चव नसते?"

सुवर्णाने हातातला कप खाली ठेवला.

"बऱ्या झाल्या, सर," ती म्हणाली.